दुसऱ्या पुस्तकाचा शेवट

अंबूताई, तुझ्या कपाटांच्या किल्ल्या आता माझ्या कमरेला आहेत. मी चालले की त्या वाजतात. तुझ्या कमरेला असताना कधी वाजल्याचं आठवत नाही. तू दारात येऊन उभी राहायचीस आणि मगच कळायचं की तू आलीस. काल दुपारी शाळेच्या मागच्या खोलीत, आपल्या वाचनालयात, मी एकटीच बसले होते. बाहेर रखरखीत ऊन, गिरणीचा भोंगा होऊन गेलेला, एकही बाई पुस्तक बदलायला आलेली नाही. किल्ल्या माझ्या मांडीवर होत्या. तरी दारात कुणीतरी उभं आहे असं वाटून मी पुन्हा पुन्हा मान वर करत होते. शेवटी खुर्ची फिरवून दाराकडे पाठ केली, तर पाठीला तसंच वाटायला लागलं.

तुझं तेरावं झालं. पुढच्या आठवड्यात महिला मंडळात तुझ्यासाठी सभा आहे. तिथं तुझी सेवा, तुझा त्याग, सगळं यथासांग होईल. ते ऐकायला तू नाहीस हे तुझं नशीब. मला मात्र तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि परवा त्यात अशी भर पडली की तू जिवंत असतीस तर मी तुला हाताला धरून हलवलं असतं. म्हणून लिहायला बसले.

तू पुस्तक निवडून द्यायचीस ती एक अजब गोष्ट होती. बाई आली की तिला काय हवं ते तू विचारायची नाहीस. तिच्या तोंडाकडे बघायचीस, उठायचीस आणि कपाटातून एक पुस्तक काढून तिच्या हातात ठेवायचीस. बहुतेक वेळा ते आपल्या त्या एकाच लेखकाचं असायचं. "हा माणूस दुहाती आहे," तू म्हणायचीस. "उजव्या हातानं इतिहास लिहितो आणि डाव्या हातानं खून." जावेशी भांडून आलेलीला तू वेढ्याची कादंबरी द्यायचीस, ज्यात आतलेही उपाशी, बाहेरचेही उपाशी आणि हटायला कुणी तयार नाही. सासुरवासाला कंटाळलेलीला खुनाची, पण अशी, की सासू शेवटी निर्दोष सुटते. बाळंतिणीला लढाई द्यायची नाही आणि पोटुशीला विष द्यायचं नाही, हा तुझा नियम. एका कारकुनाच्या बायकोला तू गलबतांची कादंबरी दिलीस, तर ती डोळे पुसत परत आली. "ताई, आमची बदली झाल्याचं तुम्हाला कसं कळलं? मी तर कुणालाच बोलले नव्हते." तुला काही कळलं नव्हतं. तिच्या बोटांना सुंभानं ट्रंका बांधल्याचे वळ तू पाहिले होतेस, एवढंच. पण बायकांत बोलवा झाला तो झालाच. अंबूताईनं डाव्या हाताचं पुस्तक दिलं की घरात काहीतरी होतं, असं म्हणायला लागल्या.

वळसंगची गंगव्वा आठवते? बाजाराला आली की सुनेसाठी पुस्तक न्यायची. सून वाचणार आणि ही ऐकणार. पुस्तक हातात घ्यायच्या आधी ती लांबूनच विचारायची, "ताई, ह्ये उजव्या हाताचं हाय न्हवं? मागल्या खेपंला तुमी डाव्या हाताचं दिलं आन् आमची म्हस मेली की."

"म्हशीला वाचून दाखवलंस का?" तू म्हणालीस. तिच्याबरोबर मीही इतकी हसले की शाळेच्या हेडबाई बघायला आल्या.

आपलं भांडण मात्र शेवटच्या पानावरून होतं. नवं पुस्तक आलं की तू आधी त्याचं शेवटचं पान उघडायचीस. मला त्याचा संताप यायचा. खून कुणी केला ते कळल्यावर उरलेलं पुस्तक काय चाटायचं? तू शांतपणे म्हणायचीस, "शेवट माहीत असला म्हणून वाचायचं टळतं का, सुशे? इतिहासाच्या कादंबऱ्या तू वाचतेसच की. त्यात कोण मरणार ते पहिल्यापासून ठाऊक असतं."

माझी थोरली बहीण वत्सला माढ्याला दिली होती. पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा ती तिथल्या अंगणातल्या पेवाचं वर्णन करायची. जमिनीतली ती कोठी, आत माणसाच्या दुप्पट खोल जोंधळा. उतरायच्या आधी दिवा सोडून बघायचा. दिवा विझला तर माणसानं उतरायचं नाही. ती हे हसत सांगायची आणि तू भुवया वर करून ऐकायचीस. पुढच्या श्रावणात एका संध्याकाळी ती मागच्या अंगणात तुळशीपाशी दिवा ठेवायला गेली आणि परत आलीच नाही. सासरच्यांनी कळवलं, निघून गेली. कुणाबरोबर ते सांगितलं नाही, पण सुचवायचंही सोडलं नाही. फौजदारानं विहिरीत गळ टाकला, त्याला एक जुनी कळशी लागली. दादा, आमचे वडील, माढ्याला जाऊन आले, ओसरीवर बसले, पाणी प्याले आणि एवढंच बोलले, "अंगण सारवलं होतं त्यांनी. लग्नघरासारखं." आई होती, मी होते, तू होतीस. कुणी काही विचारलं नाही. दादांनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि फार दिवस काढलेही नाहीत. मग जिची बहीण पळाली तिला कोण करून घेणार, म्हणून मी मास्तरीण झाले.

आणि मग सोलापुरात तो लष्करी कायद्याचा उन्हाळा आला. गिरण्या गप्प होत्या. संध्याकाळी रस्त्यावर पाऊल टाकायची चोरी. दिवस मावळायच्या आत बोळातली दारं अशी बंद व्हायची की आत माणसं आहेत की नाहीत याची शंका यावी. दुपारी मात्र बायका आमच्या घरी जमायच्या. तू वाचायचीस, आई उखळात शेंगाचटणी कुटायची, आणि बाकीच्या ऐकायच्या. एकदा वाचन संपल्यावर शेजारच्या सरूकाकू म्हणाल्या, की त्यांनी माहेरी आपल्याच लेखकाची एक डाव्या हाताची कादंबरी अर्धी ऐकली. तिचं नाव 'अंगणातले पाऊल'. एका देशमुखाच्या घरची धाकटी सून. तिन्हीसांजेला परसात दिवा ठेवायला जाते. घरातले बघायला येतात तर दिवा जळतोय आणि अंगणाच्या मधोमध ओल्या पावलाचा एकच ठसा. पुढं नाही, मागं नाही.

उखळातला आवाज थांबला. सरूकाकूंना आपण कुणाच्या घरात काय बोललो ते तेव्हा कळलं आणि त्या पदराशी चाळा करायला लागल्या.

"मग?" आईनं विचारलं.

"पुढचं नाही ऐकलं हो. गाडीची वेळ झाली."

आई तुझ्याकडे वळली. "अंबू, ते पुस्तक आण. पोरगी कुठं गेली ते मला ऐकायचंय." आईनं जन्मात कधी पुस्तक मागितलं नव्हतं.

देणगीत आलेल्या, अजून न सोडलेल्या गठ्ठ्यात ते आहे म्हणून तू हो म्हणालीस. दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं आलीस. पानं सुटलीत, बांधायला दिलंय, म्हणालीस. मग बाइंडर आजारी पडला, मग त्याला खळीसाठी मैदा मिळेना. आई रोज विचारायची आणि तू रोज नवं काहीतरी सांगायचीस. अखेर हिरव्या कापडाच्या बांधणीत पुस्तक आलं. त्याला ओल्या खळीचा वास येत होता.

ते वाचन मला अजून ऐकू येतं. बाहेर चिटपाखरू नाही, खिडक्यांना ओली पोती लावून खोलीत अंधार केलेला, आणि तुझा तो सपाट आवाज, जो खुनालाही वर चढायचा नाही. रोज थोडं थोडं. सून गेली. पावलाचा ठसा सापडला. दीर खोटं बोलला. तपास करणारा माणूस वाड्यात राहायला आला आणि त्याला संध्याकाळी भिंतीपलीकडून कुणीतरी चालल्याचं ऐकू यायला लागलं. शेवटच्या दिवशी तू पान उलटलंस, क्षणभर थांबलीस आणि वाचलंस: "चोरदरवाजावर थाप पडली. पहारेकऱ्याने अडणा काढला. बाहेर एक स्त्री उभी होती. तिचे पाय ओले होते."

किल्ला. वेढा. उपाशी शिबंदी. मशाली. बाईनं विचारलं, "फार वेळ झाला का?" आणि पहारेकऱ्यानं तिला आत घेतलं. मग ती त्या किल्ल्यातच राहिली, लोकांना जेवू घालू लागली, आणि वेढा उठला तेव्हा बुरुजावर उभी राहून लांब कुठंतरी बघत होती. समाप्त.

माझ्या अंगावर काटा उभा राहिला होता. पण मी मास्तरीण पडले. मी पुस्तक तुझ्या हातातून ओढून घेतलं. पानांचे आकडे पुढं जाता जाता एकदम मागं आले होते. "ताई, ही दुसऱ्या पुस्तकाची पानं आहेत! हा त्याच्या उजव्या हाताचा शेवट आहे. बाइंडरनं घोळ घातलाय."

"आकडे छापखान्यात चुकले असतील," तू म्हणालीस.

"आणि देशमुखाच्या परसात किल्ला कुठून आला?"

"दुहाती माणूस आहे. एकदा दोन्ही हात जोडावेसे वाटले असतील त्याला."

मी चिडले. सरूकाकू म्हणाल्या, "तुझं शिक्षण राहू दे गं बाजूला, पाय ओले होते ना? तीच ती." सगळ्या तुझ्या बाजूनं झाल्या. आणि आई उठली, मागच्या दाराशी गेली, तिनं कडी काढली आणि दार वीतभर उघडं ठेवलं. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला ती कडी काढायची.

मग ते पुस्तक गावभर फिरलं. दुसरी प्रत इथं कुणाकडे नव्हती, तेव्हा सोलापुरात त्या कादंबरीचा तोच शेवट खरा झाला. लष्करी कायदा उठला, गिरण्या सुरू झाल्या, पण आपल्या बोळात संध्याकाळी मागची दारं वीतभर उघडी राहायला लागली. ज्यांचं कुणी प्लेगात गेलं, कुणी पळालं, कुणी रंगूनला गेलं आणि कळवलं नाही, त्या सगळ्यांची. गंगव्वा सांगत आली, "आमच्या तितं बी आता मागलं दार लावत न्हाईत की, ताई. सुनंनं वाचून दावलं आन् समद्यांनी धरलं." परसाकडून बोळ बघितला की प्रत्येक घराला एकेक काळी फट दिसायची. मला त्या फटींची भीती वाटायची. मी तुला म्हटलं तेव्हा तू म्हणालीस, "फटीतून कुणी आत येत नाही, सुशे. आतलीच माणसं बाहेर बघतात." मला त्यानं धीर आला नाही.

मागल्या वर्षी मी बार्शीला मैत्रिणीकडे गेले. तिच्या फळीवर 'अंगणातले पाऊल' होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा शेवट आधी उघडला आणि उभ्यानंच वाचला. किल्ला नव्हता. चोरदरवाजा नव्हता. तपास करणारा माणूस अंगणात उभा राहून देशमुखाला विचारतो, "भर पावसाळ्यात अंगण कोण सारवतं?" मग माणसं सारवण खरवडतात, खाली पेवाच्या तोंडावरची फरशी लागते, फरशी काढतात आणि दिवा आत सोडतात. दिवा विझतो.

मी घरी आले तेव्हा संध्याकाळ होती. मागचं दार उघडं होतं आणि आई त्याच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होती, चेहरा शांत. मी काय बोलणार होते? तुझ्याकडेही आले होते, पण तू हिरव्या पुस्तकाला नवं कागदी वेष्टन चढवत बसली होतीस, इतक्या मायेनं की मला वाटलं, हिचाही यावर विश्वास आहे. तुझं मन मोडू नये म्हणून गप्प राहिले. हसू नकोस.

तापाच्या शेवटच्या दिवशी तू डोळे उघडून मला विचारलंस, "बार्शीला तुझ्या मैत्रिणीकडे होतं ना गं ते?" कुठलं, ते तू सांगितलं नाहीस. मी म्हटलं, "नव्हतं." तू बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलंस, पुस्तक निवडताना बायकांकडे बघायचीस तसं. मग म्हणालीस, "बरं झालं." मला वाटलं, तापात बोलतेस.

परवा जिल्दवाले चाचा, तुझे बाइंडर, आले. तू बांधायला दिलेली शेवटची पुस्तकं घेऊन. उंबऱ्याबाहेर बसले, डोळे पुसले आणि आपणहून सांगायला लागले.

"बाईसाब, अंबूबाईचं येक काम मी जिंदगीत इसरणार न्हाई. दोन किताबा घिऊन आल्या. म्हणल्या, चाचा, ह्याचं शेपूट काप आन् त्येचं शेपूट ह्याला लाव. मी म्हणलं, अवो, गाढवाला घोड्याचं शेपूट कुटं लावत्यात? तर म्हणल्या, लाव तू. येका आईचा जीव हाय त्यात."

मी विचारलं, कापलेल्या पानांचं काय झालं.

"माज्याच शेगडीत टाकली त्येंनी. वर खळ शिजत हुती. त्याच खळीनं किताब बांदली."

ते गेल्यावर मी कपाट बंद केलं आणि कपाटालाच टेकून बसले. म्हणजे तुला ठाऊक होतं. आईनं पुस्तक मागितलं त्या दिवशी तू घरी जाऊन नेहमीसारखं शेवटचं पान उघडलंस, आणि दादांनी सांगितलेलं ते सारवलेलं अंगण तुझ्या समोर आलं. आणि तू कातरी चालवायला लावलीस. पुस्तकाचं पान दुमडलं तरी बायकांना रागावणारी तू. एका म्हातारीसाठी एका चांगल्या लेखकाच्या दोन कादंबऱ्या मारल्यास आणि गावभर खोटा शेवट पसरवलास, आणि मी भांडत होते तेव्हा सगळा दोष बिचाऱ्या छापखान्यावर घातलास.

ताई, मला तुझे पाय धरावेसे वाटतात. आईला तू इतकी वर्षं जगवलंस. आणि त्याच वेळी मला ओरडावंसं वाटतं की तिकडे वत्सीवर कुणीतरी दर पावसाळ्यात सारवत असेल, आणि तू जोंधळा निवडावा तशी पानं निवडत बसलीस! तुला सत्य ठाऊक होतं असंही नाही, संशय होता. मलाही संशयच होता. दोघी एकाच संशयावर बसून राहिलो आणि एकमेकींना पुस्तकं देत राहिलो. यात चूक कुणाची ते तू सांग. मला ठरवता येत नाही.

आता काल संध्याकाळचं सांगते.

मी दिवा लावला. आई मागच्या दाराशी गेली. तिनं दार ओढून घेतलं आणि कडी घातली. इतक्या वर्षांत तो आवाज त्या वेळी घरात झाला नव्हता.

"आई, दार लावलंस?"

"लावलं." ती येऊन दिव्यापाशी बसली. "अंबू गेली. आता कुणासाठी उघडं ठेवू?"

मला कळेना. ती म्हणाली, "ती जाता-येता बघायची गं, दार उघडं आहे का ते. तिला वाटायचं, म्हातारीला त्यानं बरं वाटतंय. पोरीनं माझ्यासाठी एवढं पुस्तकाचं मांडलं, तिचं मन कशाला मोडायचं? तुलाही बरं वाटत होतं."

"मला?"

"मग काय. बार्शीहून आलीस ती दाराकडेच बघत आलीस."

मी तिला विचारलं, तुला कधीपासून ठाऊक आहे. तिनं वातीवरची काजळी झाडली आणि म्हणाली, "तुझे दादा आले तेव्हापासून. भर पावसाळ्यात अंगण कोण सारवतं?"

अंबूताई, शब्द न् शब्द तेच. ती पानं तू शेगडीत घातली होतीस. आईला अक्षर वाचता येत नाही. ते वाक्य या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. मला माझ्याच आईची भीती वाटली.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. जोरात नाही. बाहेरून कुणी तळहात टेकवावा तशी. आम्ही दोघींनी तिकडे पाहिलं.

"वारा आहे," मी म्हटलं.

आमच्या मधे दिवा होता. त्याची ज्योत सरळ होती. आईनंही ती पाहिली. कडी पुन्हा वाजली. आई गुडघ्यावर हात टेकून उठली, दारापाशी गेली, कडी काढली नाही. फळीवर हात ठेवला आणि वत्सी लहान असताना तिच्याशी बोलायची त्या आवाजात म्हणाली, "तू नको येऊस, बाळ. आता आम्हीच येतो."

आज सकाळच्या गाडीनं आम्ही माढ्याला निघतोय. आधी फौजदाराकडे, मग तिच्या घरी. आईनं कंदील पुसून बरोबर घेतलाय.